ड्राफ्टला जावं की डिग्री पुरी करावी?

तिसरी_घंटा

मी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात खेळाडू मुलांना संख्याशास्त्र शिकवते. वर्गात नव्हे. सराव आटोपून, गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून जी मुलं रात्री अभ्यासिकेत येतात त्यांच्याकडून गृहपाठ करून घ्यायचा, एवढंच माझं काम. विद्यापीठाचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.

परवा बास्केटबॉलचा एक मुलगा आला होता. दुसरं वर्ष, उंची सहा फूट आठ इंच, खुर्चीत मावत नाही म्हणून टेबलावर बसतो. कॉन्फिडन्स इंटरव्हलची, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल ते काढायची, गणितं चालली होती. मध्येच पेन्सिल ठेवून म्हणाला, "मॅम, सगळे मला पंचविसावा ते पंचेचाळिसावा सांगतायत. हा इंटरव्हल फार रुंद आहे ना?"

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीए म्हणजे इथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, जूनमध्ये असतो. तीस संघ, दोन फेऱ्या, साठच्या आसपास मुलं निवडली जातात. पहिल्या फेरीत नाव आलं की पहिल्या दोन वर्षांचा पगार पक्का. तिसाव्या नंबरच्या मुलालाही पहिल्या वर्षी पंचवीस लाख डॉलरच्या वर मिळतात. एकतिसाव्याला मात्र काहीच बांधील नाही, संघाने दिलं तर दिलं. म्हणजे तीस आणि एकतीसच्या मध्ये दरी आहे, आणि आमचा हा गडी दरीच्या दोन्ही काठांवर एकेक पाय ठेवून उभा आहे. नाव नोंदवून संघांपुढे चाचण्या देता येतात आणि मेअखेरच्या ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेतलं तर कॉलेजकडून पुन्हा खेळताही येतं. त्याच्याकडे अकरा दिवस उरलेत.

आईला पुण्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आधी बीए होऊ दे म्हणावं, मग खेळ काय चेंडू खेळायचा तो."

मी सल्ला द्यायचा नसतो, तसा नियमच आहे. पण मनातल्या मनात तरी उत्तर असावं ना? तुम्ही काय सांगितलं असतं?

बाराखडी_बोस्टन

तुमच्या आईंचं वाक्य एनबीएच्या जुन्या नियमाशी तंतोतंत जुळतं. शाळा सुटल्यावर चार वर्षं होईपर्यंत खेळाडू घ्यायचाच नाही, असा नियम होता. तो मोडला स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला मुलगा. डेट्रॉइट विद्यापीठ अर्धवट सोडून आधी एबीए या दुसऱ्या लीगमध्ये गेला, मग सिअॅटलने त्याला घेतलं, एनबीएने हरकत घेतली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. १९७१ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल त्याच्या बाजूने लागला. आज एका वर्षात कॉलेज सोडून कोट्यधीश होणारी पोरं त्याचं नावही घेत नाहीत.

मग उलटं टोक आलं. केव्हिन गार्नेट १९९५, कोबी ब्रायंट १९९६, लेब्रॉन जेम्स २००३, तिघंही शाळेतून थेट. ही तीन नावं सगळ्यांना पाठ असतात. १९९८ चा कॉर्लिऑन यंग कुणाला आठवत नाही. तोही शाळेतूनच गेला, चाळिसावा निवडला गेला आणि एनबीएत एकूण तीन सामने खेळला. तीन!

२००६ च्या ड्राफ्टपासून वय किमान एकोणीस आणि शाळेनंतर एक वर्ष, असा नियम आला. तेव्हापासून 'वन अँड डन'. एक वर्ष कॉलेज, की चालले.

शेपूची_भाजी

अडाणी प्रश्न. बास्केटबॉल खेळायला कॉलेज लागतंच कशाला? इकडे पुण्यात क्रिकेटवाल्या पोराला आपण विचारतो का, "बाळा, बीकॉम झालास का?" (विचारतो. पण तो निवडला गेला की विचारणं बंद करतो.)

बाराखडी_बोस्टन

कारण इथे क्लब, जिल्हा, रणजी अशी उतरंडच नाही. ती उतरंड म्हणजेच कॉलेज. स्टेडियम कॉलेजचं, प्रशिक्षक कॉलेजचा आणि टीव्हीचे पैसेही कॉलेजचे. युरोपात पोरगा सोळाव्या वर्षी क्लबशी करार करतो, त्याला हा प्रश्नच पडत नाही. एनबीएने २०२० मध्ये जी लीग या आपल्या खालच्या लीगमध्ये शाळा संपलेल्या मुलांसाठी 'जी लीग इग्नाइट' नावाचा पगारी संघ काढून पाहिला. आपला प्रिन्सपाल सिंगही त्यात होता. २०२४ ला गाशा गुंडाळला.

तिसरी_घंटा

'वन अँड डन' आतून कसं दिसतं ते सांगते. पहिल्या सत्रात ठरावीक क्रेडिट मिळवले की दुसऱ्या सत्रात खेळायला पात्र. मार्चमध्ये हंगाम संपतो आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टला जाणारी मुलं वर्गातून अदृश्य होतात. दुसऱ्या सत्राचे गुण कुणासाठी मिळवायचे? माझ्याकडचा एकजण सत्राच्या मध्यावर अर्धी भरलेली वही टेबलावर ठेवून गेला. दोन वर्षांनी टीव्हीवर दिसला. वही अजून माझ्या कपाटात आहे.

जे राहतात त्यांना चाळीस-साठ-ऐंशीचा पाढा. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्या अखेर ६०, चौथ्या अखेर ८०. नाहीतर खेळणं बंद. आमच्या गड्याचे ४० झालेत. म्हणजे तो आत्ता गेला तर साठ टक्के पदवी मागे टाकून जाणार.

रावसाहेब_मिशिगन

तुम्ही सगळे दहा वर्षं जुना वाद घालताय. "पैसा की पदवी" हा प्रश्नच आता उरला नाही, कारण पैसा कॉलेजातच आला.

जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येतं. त्याला एनआयएल म्हणतात. पुढे जून २०२५ मध्ये कोर्टाने खेळाडूंनी पैशांसाठी भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मान्य केली आणि विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतात. बहुतेक फुटबॉलवाले (इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा) खातात, पण बास्केटबॉलच्या ताटातही बरंच पडतं.

परिणाम बघा. २०२१ मध्ये एनबीए ड्राफ्टसाठी चार वर्षं पुरी होण्याआधीच नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये १०६. याक्सेल लेंडेबोर्गचं नाव पहिल्या फेरीच्या शेपटाला घेतलं जात होतं. त्याने नाव मागे घेतलं आणि आमच्या मिशिगनला आला. त्याला कुणी पदवीचा मोह घातला नव्हता हो.

तेव्हा तिसरी_घंटा, तुमच्या मुलाला एवढंच विचारा: एकतिसावा आलास आणि संघाने करारच दिला नाही तर जी लीगमध्ये चाळीस हजारांच्या आसपास मिळतील. कॉलेज किती देतंय? तिसरी-चौथीची वजाबाकी आहे.

कोल्हापूरचा_गडी

रावसाहेब, तुमची वजाबाकी बरोबर, पण हाडामासाचं काय? तालमीत एक म्हण न्हाई पण समज हाय. पैलवानाची सात-आठ वर्सं असत्यात. त्यातलं एक वरीस बाकावर बसून काढलं तर ते परत येत न्हाई. पदवीचं पुस्तक तसंच राहतंय, कागदाला कसर लागली तर लागली.

आमच्याकडं पोरगं दहावीला तालमीत येतं. दूध, बदाम, तूप, खुराकापायी बाप म्हस इकतो. पुढं पोलीस न्हाईतर रेल्वे, कायतरी भरती, ही आशा. स्वप्नील कुसाळे बघा, कोल्हापूर जिल्ह्यातलाच. रेल्वेत टीसी होता, पगार चालू होता, पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं. आपल्याकडं नोकरी हाच इमा. अमेरिकेत पोराला नोकरी न्हाई, म्हणून ती पदवी इमा म्हणून गळ्यात बांधत्यात.

आणि कॉलेज आणि खेळाचं म्हणाल तर खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसं नव्हतं. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिलं. पदक घेऊन आल्यावर १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणून लागले. प्राचार्य असा असल तर कॉलेज कोण सोडंल?

शेपूची_भाजी

खर्डेकरांचं वाचून काटा आला. आणि इथे दोन कोटी डॉलरचं वाटप. असो.

गुडघेदुखी

फिजिओ आहे, म्हणून हे नाव. गडीसाहेबांना अनुमोदन, पण गुडघा दोन्हीकडून कापतो.

मार्कस लॅटिमोर, साउथ कॅरोलायना, फुटबॉल. एनएफएल या फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा नियम शाळेनंतर तीन वर्षं. तो थांबलाच होता, कारण थांबणं भाग होतं. २०११ मध्ये एक गुडघा गेला, २०१२ मध्ये दुसरा. दुसऱ्या वेळची चित्रफीत मी विद्यार्थ्यांनाही दाखवत नाही. २०१३ ला चौथ्या फेरीत निवडला गेला आणि एकही सामना न खेळता निवृत्त झाला. शाळेतून थेट जाता आलं असतं तर निदान पहिल्या कराराचे पैसे हातात असते.

जेलन स्मिथ, नोत्र दाम. पहिल्या पाचात जाणार अशी चर्चा. १ जानेवारी २०१६ ला कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात गुडघा गेला, मज्जातंतू दुखावला, ३४ वा निवडला गेला. त्याने मात्र विमा काढला होता. ड्राफ्टमधला नंबर घसरला तर भरपाई देणारा विमा असतो इथे. पैसे मिळाले, पाय सुधारला, पुढे चांगला खेळला.

धागाकर्तीला प्रश्न: तुमचा मुलगा परत येणार असेल तर विम्याचं कुणी बघितलंय का? हे एजंट सांगत नाही आणि प्रशिक्षक विसरतो.

बाराखडी_बोस्टन

झायॉन विल्यमसनचा बूट आठवतो? फेब्रुवारी २०१९, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, सामन्याच्या पहिल्याच मिनिटात पायातला बूट फाटून उघडला आणि गुडघा मुरगळला. अख्खा देश एका बुटावर आठवडाभर बोलत होता. "आता खेळूच नकोस, घरी बस, जूनमध्ये पैसे घे" असं त्याला किती जणांनी सांगितलं! तो परत येऊन खेळला. तरी पहिलाच निवडला गेला.

एच_फोरचा_बाप

धागा वाचतोय आणि घाम फुटतोय, कारण आमच्या घरात हेच चालू आहे. फक्त खेळ टेनिस, आणि मुलगा नाही, मुलगी.

दुसरं वर्ष संपलं. स्कॉलरशिपवर खेळते, जागतिक क्रमवारीत साडेसहाशेच्या आसपास. म्हणते, "बाबा, आता पूर्ण वेळ खेळणार." रावसाहेब, तुमची वजाबाकी आमच्याकडे चालत नाही. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. ती एच-४ वर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर वाढली, आता एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. जाहिरात करायची, फोटो काढून पैसे घ्यायचे म्हणजे इथे काम केल्यासारखं, आणि ते व्हिसात बसत नाही. तिच्या संघातली एकजण स्थानिक दुकानाची जाहिरात करून गाडी घेऊन आली. आमची फुकटचे बूटसुद्धा वकिलाला विचारून घेते. आणि कॉलेज सोडलं की एफ-१ जातो. पी-१ म्हणून खेळाडूंचा व्हिसा आहे, पण त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा सिद्ध करावा लागतो. साडेसहाशेव्या नंबरावर काय सिद्ध करणार?

बायको म्हणते, पुण्याला आईकडे पाठवू, तिथून खेळेल. पोरगी म्हणते, तिथे मी पाहुणी आहे. एवढं बोलून दोघी खोलीत जातात आणि मी इथे येऊन टाइप करतो.

तिसरी_घंटा

एच_फोरचा_बाप, तुमचं दुखणं मला फार जवळून माहीत आहे. माझ्याकडे परदेशी मुलं दरवर्षी असतात. पर्ड्यूच्या झॅक ईडीचं बघा. कॅनडाचा, सात फूट चार इंच, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, आणि व्हिसामुळे एनआयएलचे हात बांधलेले. २०२३ मध्ये नाव दिलं, दुसऱ्या फेरीचा अंदाज आला, नाव मागे घेतलं. पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि २०२४ ला नववा निवडला गेला. ज्याला थांबण्याचे पैसेच जवळपास मिळत नव्हते, त्याला थांबणं सगळ्यात जास्त फळलं. हे उदाहरण मी आमच्या गड्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, मी सात फूट चार नाहीये."

बाराखडी_बोस्टन

टेनिससाठी वेगळा हिशेब हो. तिथे ड्राफ्ट नाही, दार बंद होत नाही, क्रमवारी लावते ती जागा तुमची. बेन शेल्टनने फ्लोरिडाकडून २०२२ ला कॉलेजांची राष्ट्रीय एकेरी जिंकली, त्याच वर्षी व्यावसायिक झाला आणि पुढच्या वर्षी यूएस ओपनची उपांत्य फेरी. एमा नव्हारो व्हर्जिनियात दोन वर्षं राहून गेली, २०२४ ला यूएस ओपनची उपांत्य फेरी. त्याच व्हर्जिनियात आपला सोमदेव देववर्मन पूर्ण चार वर्षं राहिला, २००७ आणि २००८ असा सलग दोनदा राष्ट्रीय विजेता, मग बाहेर पडला. २०१० ला राष्ट्रकुल आणि आशियाई अशी दोन्ही सुवर्णं. आणि आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, पुढे हांगझौच्या आशियाई खेळांत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्ण.

लेक कॉलेजातल्या नंबर एक-दोनच्या मुलींना हरवते का? हरवत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. नसेल हरवत तर तिथे रोज फुकट मिळणारा प्रशिक्षक, कोर्ट आणि डॉक्टर बाहेर विकत घ्यायला किती लागतात ते तिच्यासमोर मांडा. नुसता प्रवास आणि हॉटेलंच माणसाला खातात.

एच_फोरचा_बाप

नंबर दोनला एकदा हरवलंय. नंबर एकने दोनदा धुतलंय. मांडतो हिशेब. धन्यवाद.

लिंबूटिंबू

मुलींवरून आठवलं. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये गंगा उलटीच वाहते. २०२४ ला केटलिन क्लार्क पहिली निवडली गेली, पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. पहिल्या नंबरच्या मुलाच्या पगारात असे शंभराहून जास्त पगार बसतील. नियमही बावीस वर्षं किंवा चार वर्षं कॉलेज असा. कोविडमुळे तिला पाचवं वर्ष कॉलेजात खेळता आलं असतं, तरी ती गेली. तिच्या जाहिरातींचे पैसे तिच्याबरोबर चालत गेले, म्हणून. बाकीच्या मुलींना कॉलेजात मिळतं ते लीगमध्ये मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा "लवकर गेली, पैशासाठी गेली" हे वाक्य मुलींना लागूच पडत नाही.

रावसाहेब_मिशिगन

माझाच मुद्दा. जिथे पैसा तिथे माणूस.

शेपूची_भाजी

प्रत्येक वेळी नसतो हो, रावसाहेब. टिम डंकन वाचला आत्ता. चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई गेली. पदवी घेईन असा तिला शब्द दिला होता. वेक फॉरेस्ट विद्यापीठातून कधीही निघून पहिला नंबर मिळवला असता, पण चार वर्षं राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ ला पहिला निवडला गेला. तुमच्या वजाबाकीत हे कुठे लिहायचं?

रावसाहेब_मिशिगन

डंकनकडे पाहून निर्णय घेणं म्हणजे सचिनकडे पाहून पोराची शाळा सोडवणं. मॅट लायनर्टही थांबला होता की. फुटबॉलवाला, २००४ चा हाइझमन विजेता म्हणजे कॉलेजांतला सर्वोत्तम खेळाडू, पहिला नंबर समोर ठेवलेला. लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात आणखी एक वर्ष राहिला. शेवटच्या सत्रात पदवीसाठी एकच विषय उरला होता: बॉलरूम डान्स. खोटं नाही! २००६ ला दहावा निवडला गेला. नाचाची किंमत नऊ जागा.

गुडघेदुखी

पण मजा आली असेल. बाविसाव्या वर्षी अख्ख्या लॉस एंजेलिसचा राजा आणि अभ्यास म्हणजे नाच. मीही थांबलो असतो.

पेठेतला_वकील

सगळेजण "त्याने जावं का" विचारताय. "त्याला अडवणारे कोण" हे कुणी विचारत नाही. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट. पहिल्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध एनएफएलला कोर्टात खेचलं. खाली जिंकला, वर हरला. वरच्या कोर्टाचा निकाल लिहिला सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तर्क असा की ही अट खेळाडूंच्या युनियनशी होणाऱ्या सामूहिक कराराच्या कक्षेत येते. युनियनमध्ये कोण? आधीच आत बसलेले. म्हणजे डब्यात बसलेल्यांनी फलाटावरच्यांसाठी ठरवायचं, दार कधी उघडायचं. पोराकडे ना कॉलेज ना लीग. दोन वर्षांनी, २००५ ला तिसऱ्या फेरीत निवडला गेला, हंगामातला एकही सामना न खेळता काढलाही गेला. नंतर तुरुंग.

त्याचे दोष होतेच. पण अठराव्या वर्षी माणूस सैन्यात जाऊ शकतो आणि चेंडू घेऊन पळू शकत नाही, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही.

बाराखडी_बोस्टन

वकीलसाहेब, फुटबॉलमध्ये अठराचा पोरगा तिशीतल्या सव्वाशे किलोच्या माणसापुढे उभा करायचा? नियमाला वैद्यकीय बाजू आहे.

पेठेतला_वकील

मग वैद्यकीय चाचणी घ्या. वयाचा दाखला कशाला मागता?

गुडघेदुखी

इथे मी वकिलांच्या विरुद्ध. हाडांची वाढ कागदावर दिसत नाही. पण वाद वेगळा आहे, नवीन धागा काढा.

लिंबूटिंबू

आपल्या लोकांपैकी कुणी लवकर सोडून गेलंय का? तर सिम भुल्लर. टोरंटोकडचा पंजाबी मुलगा, सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेटला दोन वर्षं खेळला आणि २०१४ च्या ड्राफ्टला उतरला. कुणीच निवडलं नाही. पण सॅक्रामेंटो किंग्जने बोलावलं, खालच्या लीगमध्ये रीनोला ठेवलं आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांचा करार दिला. तीन सामने खेळला. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला माणूस. संघाचे मालक कोण? मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. मराठी माणसाने दार उघडलं म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी पंजाबातल्या बल्लोके गावच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ वा निवडला. तो कॉलेजात गेलाच नव्हता. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

शेपूची_भाजी

तीन सामने. तोच आकडा त्या कॉर्लिऑनचा होता ना? एकाला आपण फसला म्हणतो, दुसऱ्याला इतिहास घडवला म्हणतो.

तिसरी_घंटा

शेपू, हे वाक्य दोन दिवस डोक्यात राहिलं.

मला जे वाटतं ते आता सांगते. जाणं किंवा राहणं यापेक्षा परतीची वाट कुणासाठी किती उघडी आहे, हे मला जास्त दिसतं. स्टीफन करी २००९ ला डेव्हिडसन सोडून गेला. ते कॉलेज पदवी घेतल्याशिवाय कुणाची जर्सी छताला टांगत नाही, अगदी करीचीही. तेरा वर्षांनी, २०२२ ला त्याने पदवी पुरी केली, मग जर्सी टांगली. शकील ओनीलला पदवीदान समारंभासाठी लेकर्सने सामन्यातून सुट्टी दिली होती. टोरंटोकडून खेळणारा व्हिन्स कार्टर तर २० मे २००१ ला सकाळी चॅपेल हिलला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, पदवी घेऊन संध्याकाळी फिलाडेल्फियाला सातवा सामना खेळायला गेला. शेवटचा फटका त्याचाच होता, तो हुकला, संघ एका गुणाने हरला. लोकांनी त्या पदवीवर खापर फोडलं! माझ्या आईला सांगितलं तर ती टोरंटोला जाऊन भांडेल.

पण हे सगळे श्रीमंत झाल्यावर परतले. मला जास्त मोलाचा वाटतो ग्रेग ओडन. २००७ ला पहिला निवडला गेला, दुसरा केव्हिन ड्युरंट. ओडनचे गुडघे गेले, सगळी कारकीर्द १०५ सामन्यांची. ओहायो स्टेटला परतला, आपल्याहून दहाएक वर्षांनी लहान मुलांमध्ये वर्गात बसला आणि २०१९ ला पदवी घेतली. बास्केटबॉलमध्ये २०१८ नंतर एक बरं झालंय: दोन वर्षं कॉलेज केलेला स्कॉलरशिपवाला खेळाडू दहा वर्षांच्या आत परतला तर मोठ्या विद्यापीठांनी त्याच्या पदवीचा खर्च करायचा. आमच्या गड्याची दोन वर्षं झालीत. गेल्या वर्षी गेला असता तर झाली नसती. एवढी एक गोष्ट मी त्याला सांगितली, कारण तो सल्ला नाही, नियम आहे.

पेठेतला_वकील

आणि पदवी कसली असते तेही बघा. चॅपेल हिलचं नाव काढलंत म्हणून. २०१४ च्या चौकशी अहवालात निघालं की अठरा वर्षांत तीन हजारांवर विद्यार्थी अशा विषयांना बसले ज्यांचा तासच होत नव्हता. त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. त्या कागदासाठी गुडघा पणाला लावायचा?

तिसरी_घंटा

माझा तास होतो, वकीलसाहेब. रात्री साडेनऊला होतो.

कोल्हापूरचा_गडी

आवडलं. ताई, पोराचं काय झालं?

तिसरी_घंटा

काल शेवटची तारीख होती. रात्री नऊला आला. उन्हाळी सत्राचा गृहपाठ म्हणून वहीत नऊ आकडे लिहून आणले होते. संघांच्या लोकांनी, एजंटने, प्रशिक्षकाने सांगितलेले अंदाज: २२, २७, २८, ३१, ३३, ३४, ३६, ३८, ४१. सरासरी काढली, ३२. आकडे कमी आहेत म्हणून झेड न वापरता टी वापरला, न सांगता! ९५ टक्के इंटरव्हल आला २८ ते ३७.

म्हणाला, "तीस अजून आतच आहे."

मी म्हटलं, हा सरासरीचा इंटरव्हल, तुझ्या एकट्याचा नंबर याहूनही इकडे-तिकडे जाऊ शकतो. त्यावर तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. विम्याचे कागद गुडघेदुखी यांच्या सांगण्यावरून मी त्याच्या समुपदेशकाकडे पोचवले होते, ते त्याच्या पिशवीत दिसले. त्याने काय ठरवलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. निघताना दारात वाकून एवढंच म्हणाला, "सप्टेंबरमध्ये तुम्ही मंगळवारीच असता ना?"

शेपूची_भाजी

खुर्ची मोठी मागवा.